भुरीच्या घशातलं

"घशात काहीतरी अडकलंच आहे तिच्या, मॅडम," जानराव म्हणाला. "प्लास्टिकची पन्नी असंन. दुसरं काही नाही."

भुरी म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पुढ्यात पाण्याची बादली होती, पण घोट उतरत नव्हता. आवाजही घोगरा झालेला. अकोट रस्त्यावरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये अर्धं गाव पुरातून जीव वाचवून बसलं होतं, आणि जो येईल त्याला जानराव हेच सांगत होता.

डॉक्टर नीलम जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली. बचाव पथकाच्या नावेतून आली होती. सकाळपासून पूर्णा नदीच्या गाळातली मेलेली ढोरं चुना टाकून पुरून घेत होती ती. बूट चिखलानं भरलेले, हातमोजे संपलेले. तिनं लांबूनच भुरीकडं पाहिलं.

"काका, दोन-तीन महिन्यांत कुत्रं-बित्रं चावलं होतं का हिला?"

"नाही जी. कुत्र्याची काय बिशाद!"

खोटं. चक्क खोटं. आखाडात पहिला पूर आला तेव्हा माणसं, ढोरं, कुत्री सगळी एकाच टेकाडावर दाटीनं उभी होती. तिथं एका लाळ गाळणाऱ्या कुत्र्यानं भुरीचं नाकाड फोडलं. जानरावनं त्यात हळद-चुना भरला. जखम भरून आली आणि विषय मिटला. पुढं ते कुत्रं तडफडून मेलं, तेही त्यानं ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हे काहून सांगावं? पिसाळलेल्या ढोराला सरकारी माणसं सुई टोचून कायमचं निजवतात, हे त्याला ठाऊक होतं. आणि भुरी काय नुसती म्हैस होती? या भादव्याच्या पुरात घर गेलं, ढोरांचा कोठा गेला. एका हातात भुरीचं शेपूट आणि दुसऱ्या हातात बायकोचं, केशरबाईचं मनगट धरून तो पाण्याबाहेर आला होता. पोटी लेकरू नाही. उरली ती बायको आणि ही म्हैस. जिनं मरणातून ओढून काढलं, तिचं मरण आपल्याच तोंडानं सांगायचं? छ्या! पन्नीच अडकली होती. काल त्यानं ती काढायचाही खटाटोप केला. त्याचा पंजा राकट, जबड्यात मावेना. मग बायकोला म्हणाला, "तूच घाल वं, तुहा हात बारीक आहे." तिनं कोपरापर्यंत घातला. पन्नी काही सापडली नाही. दाढा लागून थोडं खरचटलं, तेवढंच.

"नक्की चावलं नाही न?" डॉक्टरनं पुन्हा विचारलं.

"पूर्णामायची आण, मॅडम."

एवढी आण घातल्यावर बिचारी आणखी काय विचारणार? तिनं बाही वर सारली. सकाळच्या कामानं तिच्या हातावर ओरखडे उठले होते.

"मग अडकलंच असेल. हात घालून पाहते." बादलीत हात बुचकळत ती म्हणाली, "राग मानू नका काका, विचारावं लागतं. आमच्या एका साहेबांनी असाच हात घातला होता. मालकानं चावल्याचं लपवलं. घशात काही नव्हतंच. पिसाळलेल्या जनावराला गिळताच येत नाही, आपल्याला वाटतं अडकलं. साहेबांच्या हाताला नुसतं खरचटलेलं होतं, तिथून लाळ गेली. तेव्हाच सुया घेतल्या असत्या तर वाचले असते. पण त्यांना माहीतच नव्हतं. दोन महिन्यांनी पाण्याचा पेला पाहून ओरडायला लागले. मग कोणाच्या हातात काही राहत नाही."

जानरावनं केशरबाईकडं पाहिलं. ती भुरीसाठी चारा घेऊन उभी होती, डाव्या हातात. उजवा हात कालपासून पदराखालीच होता. सकाळचा चहाही तिनं डाव्या हातानंच प्यायला होता. विचारलं तर म्हणाली होती, जरासं ठणकून राहिलं, होईन बरं.

डॉक्टरनं भुरीचा जबडा धरायला हात पुढं केला.

"थांबा!"

जानराव एवढ्यानं ओरडला की भुरी बिचकून मागं सरली. जिनिंगमधली माणसं वळून पाहू लागली. त्यानं केशरबाईचा हात पदरातून बाहेर ओढला. त्यावर बांधलेल्या चिंधीची गाठ सुटता सुटेना.

"अवो, काय करून राहिले?" ती कुजबुजली. "लोकं पाहून राहिले न!"

गाठ सुटली. दाढांचे ओरखडे लालभडक सुजले होते.

भुरी मान खाली घालून उभी होती. जानरावनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं ते मनगट पुरात धरलं होतं तसंच घट्ट धरलं आणि डॉक्टरपुढं केलं.

"कुत्रं चावलं होतं, मॅडम. म्हशीले काय टोचायचं ते टोचा. पण पहिले हिचा हात पाहा."