पन्नास बादल्यांचा आक्रोश

"निरुपयोगी प्लास्टिक? आमच्या घरात निरुपयोगी असं काही नसतं बाबा," म्हणत सुशीलाकाकूंनी फुटक्या बादलीत लावलेली तुळस दारात आलेल्या विश्रामपासून जरा लांब सरकवली.

बिल्डिंगमधलं हे शेवटचं दार. प्रदर्शनात मांडायचं शिल्प घडवण्यासाठी विश्रामला पोतंभर प्लास्टिकचा कचरा हवा होता. अठरा घरांत त्याला चहा मिळाला, उपदेश मिळाला, पण श्रीखंडाचा रिकामा डबा काही मिळाला नाही. सगळ्या डब्यांत मोहरी नाहीतर सुतळी होती. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं आणि यंदा बक्षीस हुकलं तर सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलं होतं.

शेवटी त्यानं बाजारातून पन्नास नव्याकोऱ्या बादल्या आणल्या, तापल्या उलथन्यानं डागल्या, चिखलात लोळवल्या आणि शिल्पाला नाव दिलं, 'नदीचा आक्रोश'.

"हे सगळं नदीतून काढलंत?" उद्घाटनाला परीक्षकबाईंनी डोळे टिपत विचारलं.

"या हातांनी," विश्राम म्हणाला.

कौतुकानं प्रदर्शन बघायला आलेल्या काकूंनी एक बादली उलटी केली. "अगंबाई, हिला किमतीचं लेबल आहे! नदीत दुकान कुणी काढलं रे?"

विश्राम लेबल झाकायला पुढे सरसावला. परीक्षकबाई मात्र लेबलावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. "कचरा दुकानातच जन्माला येतो! केवढं निर्भीड विधान!" असं पुटपुटत त्यांनी पहिल्या बक्षिसापुढे त्याचं नाव लिहिलं.

विश्रामनं नम्रपणे मान लववली. "एवढंच सांगायचं होतं मला."