पहिला तांब्या

संभाजीनगरातून सायकलींवर निघालेले सांडू आणि आशाबाई हे नवरा-बायको जैसलमेरपुढच्या वाळवंटात एका झोपडीशी थांबले, तेव्हा त्यांच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. सांडूच्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं. झोपडीतल्या म्हातारीनं न विचारता पाण्याचा तांब्या त्याच्या हाती दिला. संभाजीनगराजवळच्या पिशोरला, सांडूच्या घरी, पाहुण्याला पहिला तांब्या पाय धुवायला देतात, दुसरा प्यायला. सांडूनं सवयीनं तो पायांवर रिकामा केला. म्हातारी बघतच राहिली. "अवो, हे काय केलं? इथं दुसरा तांब्या कुठला?" आशाबाई पुटपुटली. म्हातारी आत गेली, माठ तिरका करून तळाचं पाणी तांब्यात घेऊन आली. सांडूनं नको म्हणून मान हलवली आणि तांब्या आशाबाईपुढं केला. "तूच पी. माझं झालं." मग म्हातारीनं दारातली शेळी सोडली. ती येऊन त्याची ओली पावलं चाटू लागली. पावलं सुकेपर्यंत सांडू जागचा हलला नाही.