नत्थूजींना ऐकू आलं

इतवारीतले नत्थूजी तांबट हंडे ठोकून ठोकून ठार बहिरे झाले होते. बायको भागीरथी वारली, आणि तिची हाक मात्र त्यांना स्पष्ट ऐकू येऊ लागली. "जेवाले चाला ना जी." बाकी शेजारचा ट्रान्झिस्टर, रस्त्यावरचे ठेले, सगळं मुकंच होतं.

लेक शेवंता तापाने अंथरुणाला खिळली होती. तिच्या सुकल्या ओठांवरून ते तिचं बोलणं ओळखत.

एका दुपारी ते तिच्या उशाशी बसले असताना भागीरथीची हाक आली. "चाल वं शेवंता."

नत्थूजींनी घाबरून लेकीचा हात घट्ट धरला. "जाऊ नको वं माय!"

"बाबा, हात सोड ना गा."

कितीतरी वर्षांनी त्यांना शेवंताचा आवाज ऐकू आला. तिचे ओठ मिटलेलेच होते.