नोटिशीचा मसुदा

बाबा आणि काका मिळून चष्म्याचं दुकान चालवायचे. बाबा मागच्या खोलीत काचा घासायचे, काका पुढे गिऱ्हाइकं बघायचे. कॉलेजात व्यापारी कायद्याच्या तासाला भागीदारीचं प्रकरण झालं, तेव्हा मी घरी येऊन म्हटलं, "तुम्ही दोघं लेखी करार करून ठेवा. करार नसेल तर एकाने साधी लेखी नोटीस दिली तरी भागीदारी मोडते."

"सख्ख्या भावांत कसला आलाय करार!" बाबा हसले. "आम्हाला शिंकसुद्धा एकदम येते."

काका मात्र रोज विचारायचे, "काय वकीलबाई, आज काय शिकवलं?" माझा अभ्यास मन लावून ऐकणारे घरात ते एकटेच. चाचणीत अशाच नोटिशीचा मसुदा लिहायला आला होता. तपासलेला पेपर मी आधी त्यांनाच दाखवला. त्यांनी कौतुकाने त्याचा फोटोही काढून घेतला.

काल बाबांना काकांची नोटीस आली. दुकानाची जागा काकांच्या नावावर आहे. सव्वीस वर्षं काचा घासून गुळगुळीत झालेल्या बोटांनी बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "तू हेच शिकतेस ना? बघ गं, कुठेतरी चूक असेलच."

मी तो दोनदा वाचला.



नावं आणि तारीख सोडली, तर सगळा मजकूर माझाच होता, आणि सरांनी त्याला दहापैकी दहा दिले होते.