पाहा : बॉयलर

मार्लबेकच्या शाळेला शंभर वर्षं झाली, आणि तिचा इतिहास लिहायचं काम माजी विद्यार्थी डेस्मंड टॅटरसॉलने मागून घेतलं. प्रकाशनाच्या दिवशी निवृत्त हेडमास्तर ऑर्मरॉड यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि इतर सगळ्यांसारखं पुस्तक मागून उघडून नामसूचीत आधी स्वतःचं नाव शोधलं.

'ऑर्मरॉड, हेडमास्तर : पाहा, बॉयलर.'

पाव शतक शाळा चालवलेल्या माणसाने शाळेच्या खोल्या उबदार ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रकरण काढलं. अकरा पानं होती, फोटोंसकट. त्यात एक वाक्य होतं : 'हा बॉयलर बसवला तेव्हा ऑर्मरॉड हेडमास्तर होते.'

"टॅटरसॉल! इकडे ये."

साठीचा डेस्मंड हात पाठीमागे बांधून समोर उभा राहिला.

"अरे गाढवा, लोखंडाच्या पिंपाला अकरा पानं आणि मला एक ओळ?"

"सर, जानेवारीत तुम्ही आम्हाला अर्ध्या चड्डीवर बर्फातून टेकडीपर्यंत पळवायचात. परत आल्यावर आम्हाला जवळ कोण करायचं? बॉयलरच ना?"

"त्याने मुलं घडतात!"

"हो सर. माझा धाकटा भाऊ घडता घडता न्यूमोनियाने गेला."

म्हातारा पुस्तक मिटून खुर्चीत टेकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी आता नव्वदीचा झालो रे. दुसरी आवृत्ती निघाली, तर एवढी दुरुस्ती करशील?"

"करणारच आहे, सर," डेस्मंड अदबीने म्हणाला. "तुमचं नाव नजरचुकीने छापलं गेलंय."