घराण्याची इभ्रत

आयटीतली नोकरी सोडून मेधानं नर्सिंगच्या झटपट डिग्रीला अर्ज केला आणि चक्क प्रवेश मिळवला. पुण्याहून डब्लिनला आल्या आल्या बर्फावर घसरून दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून बसलेल्या सासूबाईंना मात्र हे काही पटेना.

"लोकांचं गू-मूत काढायला नोकरी सोडलीस? असलं हलकं काम आपल्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही!" कॉलेजच्या पहिल्याच दिवशी, मेधा दारात बूट घालत असताना त्यांनी सुनावलं. मेधाच्या नवऱ्यानं, उपेंद्रनं आज्ञाधारक मुलासारखी मान डोलावली. घराण्याची इभ्रत राखल्याच्या समाधानात सासूबाई बाथरूममध्ये गेल्या.



दोन मिनिटांत आतून घराण्याची हाक आली, "मेधाऽ, झालं गं माझं. ये धुवायला!"