चाक काढलेली मोटरसायकल

हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा यांनी स्वतःच पुढचं चाक काढून माळ्यावर टाकलं. मोटरसायकल अंगणात विटांवर टेकवली. "आता मोहच नको," म्हणाले. तरी रोज दुपारी पाने-पक्कड घेऊन तिच्यापाशी बसायचे.

"सवतीची सेवा झाली असेल तर चहा घ्या," मी चिडवायचे.

"ही निदान उलट बोलत नाही."

त्या दुपारी मी कप घेऊन गेले, तर इंजिन बंद असताना वेगाचा काटा हलत होता.

"अहो, हा काटा..."

"बिघडलाय," म्हणत त्यांनी मीटरची केबल उपसून मला दाखवली. काटा चढतच राहिला.

मग हे सीटवर जाऊन बसले.

"उतरा बघू," मी म्हटलं.

दोरीवरचं धुणं जराही हलत नव्हतं, पण यांचा सदरा पाठीवर फुगला. केस मागे गेले, डोळे बारीक झाले. मी दंड घट्ट धरला. भर उन्हात तो गारठलेला होता.

"अहो, चहा निवतोय."

"आलो, आलो," हे म्हणाले.

दंड माझ्या मुठीत होता आणि आवाज फार लांबून, रस्त्याच्या पार टोकाकडून आला.